‘आम्ही प्राणिसंग्रहालय पाहिले’ : एका निबंधाची समीक्षा

शालेय निबंधाला साहित्यप्रकार म्हणायला आपल्याकडचे समीक्षक सहसा तयार होत नाहीत. पण नुसती शब्दसंख्या मोजायची ठरवली, तर दर वर्षी निबंधाच्या वह्यांत जेवढं मराठी गद्य लिहिलं जातं तेवढं सगळ्या दिवाळी अंकांत मिळूनही लिहिलं जात नसेल. या गद्याला ठरलेले विषय आहेत, ठरलेली सुरुवात आणि ठरलेला शेवट आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली अलंकारिक भाषा आहे. वाचकही आहे, तो लाल पेन घेऊन बसलेला असतो, इतकंच. या प्रकारातली एक जुनी आणि चिवट रचना म्हणजे प्राणिसंग्रहालयाला दिलेल्या भेटीचं वर्णन. तिच्याकडे जरा गंभीरपणे बघायचं आहे.

रचना सगळ्यांना पाठ आहे. रविवार असतो, नाहीतर दिवाळीची सुट्टी. बाबा अचानक जाहीर करतात आणि मुलांच्या आनंदाला पारावार उरत नाही. आई पहाटे उठून डबा करते. तिकिटं काढून आत गेलं की सिंह गर्जना करतो, वाघ ऐटीत येरझाऱ्या घालतो, माकडं माकडचेष्टा करतात, हत्ती सोंड उचलून सलाम करतो आणि मोर नेमका त्याच क्षणी पिसारा फुलवतो. मग हिरवळीवर डबा. संध्याकाळी पाय निघत नाही. तो दिवस कायमचा स्मरणात राहतो. या निबंधात कुणाला गाडी लागत नाही, कुणी रडत नाही, कुणाचं मूल गर्दीत दोन मिनिटं दिसेनासं होत नाही. आणि प्रत्येक प्राणी आपापलं विशेषण चोख बजावतो. दुपारी दोन वाजता ज्याने वाघाच्या पिंजऱ्यापुढे प्रत्यक्ष उभं राहून पाहिलं आहे त्याला ठाऊक असतं की वाघ झोपलेला असतो, तोही पाठ करून.

आता हा निबंध बीड जिल्ह्यात नेऊन ठेवू. बीड जिल्ह्यात एकही महापालिका नाही, त्यामुळे महापालिकेचं प्राणिसंग्रहालय असण्याचा प्रश्नच येत नाही. वाघ बघायचा तर साधारण एकशेतीस किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला जायचं. मराठवाड्यातलं प्राणिसंग्रहालय म्हणजे तिथलं सिद्धार्थ उद्यान. आष्टी-पाटोद्याकडच्या मुलाला पुण्यालाही जाता येईल, पण पुण्याला माणसं कामाला जातात, दवाखान्यात जातात. वाघ बघायला जाणं विरळा. म्हणजे शिरूर कासार किंवा धारूरच्या शाळेतली बरीच मुलं हा निबंध न पाहिलेल्या जागेविषयी लिहितात. गाईडमधून पाठ करतात आणि दहापैकी सात गुण मिळवतात. न पाहिलेल्या जागेविषयी लिहू नये असं मला म्हणायचं नाही. तसं म्हटलं तर निम्मं वाङ्मय बाद करावं लागेल. पण कल्पनाप्रधान निबंधाला अभ्यासक्रमात वेगळा रकाना आहे. प्राणिसंग्रहालयाची भेट तिथे मोडत नाही, ती वर्णनात, अनुभवात मोडते. मुलाला ‘कल्पना कर’ असं कुणी सांगत नाही. ‘तू पाहिलंस ते लिही’ असं सांगतात, आणि त्याने पाहिलेलं नाही हे लिहिणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला, दोघांनाही माहीत असतं. लिखित मराठीशी मुलाची पहिली गंभीर ओळख या अशा व्यवहारातून होते.

आणखी एक गंमत आहे. त्याच वर्षी, त्याच वहीत, दहा-बारा पानांनंतर ‘पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे मनोगत’ हा निबंध येतो. तिथे तेच मूल पोपट होऊन स्वातंत्र्यासाठी टाहो फोडतं, सोन्याच्या पिंजऱ्याचा धिक्कार करतं. आधीच्या निबंधात गजांपलीकडच्या वाघाकडे बघून टाळ्या वाजवणारा आणि आता गजांमागून रडणारा लेखक एकच. या दोन निबंधांची एकमेकांशी ओळख कुणी करून देत नाही. वर्णनाच्या दिवशी पिंजरा दिसायचा नाही, मनोगताच्या दिवशी पिंजऱ्याखेरीज काही दिसायचं नाही, असा अलिखित नियम आहे. मोठेपणी या विषयावर लिहिणारे आपण बहुतेकजण दुसऱ्या निबंधाचे विद्यार्थी राहतो. प्राणिसंग्रहालयावरचा आपल्याकडचा सुशिक्षित लेख वाचा, भाषा जरा चढवलेली असते, एखादा जॉन बर्जर आलेला असतो, पण खाली पोपटच बोलत असतो.

हे बर्जरच्या विरोधात नाही. ‘प्राण्यांकडे का पाहावं’ असा प्रश्न विचारणारा त्याचा निबंध १९८० च्या ‘अबाउट लुकिंग’मध्ये आहे आणि त्याचं मुख्य म्हणणं असं की प्राणी माणसाच्या रोजच्या जगण्यातून नाहीसे होत गेले त्याच काळात सार्वजनिक प्राणिसंग्रहालयं उभी राहिली, ती एका अर्थाने त्या नाहीशा झालेल्या नात्याची स्मारकं आहेत. युरोपातल्या शहरांसाठी हे पटण्यासारखं आहे. ज्या कुटुंबाच्या दारात बैलजोडी, शेळी आणि कोंबड्या आहेत, ज्याच्या पिकात रात्री रानडुकरं शिरतात, ते कुटुंब सिद्धार्थ उद्यानात जातं तेव्हा तिथे कसलं स्मारक बघतं? त्याच्या आयुष्यातून प्राणी गेलेलेच नाहीत. त्याच्यापुरतं प्राणिसंग्रहालय म्हणजे असा एक प्राणी बघायची जागा, जो आपलं पीक खाणार नाही, ज्याचा चारापाणी आपल्याला करावा लागणार नाही. फुकट बघता येणारा प्राणी. या फुरसतीच्या बघण्याविषयी मराठीत मी तरी काही वाचलेलं नाही.

सिद्धार्थ उद्यानाचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य पांढरे वाघ हे नव्हे. ते मध्यवर्ती बसस्थानकाला लागून आहे, हे त्याचं वैशिष्ट्य. गेवराई, शहागडचा गोदावरीचा पूल, पाचोड, आडूळ करत एसटी स्थानकात शिरते आणि उतरलेलं कुटुंब चालत उद्यानाच्या दारात पोचतं. रिक्षा करावी लागत नाही. ज्याला महिन्याचा हिशेब जुळवावा लागतो त्यालाच कळतं की सहल होते की राहते हे अशा गोष्टीवर ठरतं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. निबंधातली सहल बाबा जाहीर करतात. प्रत्यक्षात आता दोन आज्या, एक मावशी आणि चार-पाच नातवंडं अशी सहल निघू शकते आणि बाबा तिच्यात नसला तरी चालतं. उलट त्याचंच तिकीट पूर्ण पडतं. काहीजण आधी दवाखान्याचं काम उरकतात आणि परतीच्या गाडीला वेळ आहे म्हणून पोरांना वाघ दाखवतात. ही सहल कुठल्याच निबंधात बसत नाही, कारण निबंधाला सहल हा स्वतंत्र, धुतलेल्या कपड्यांतला दिवस लागतो.

कुटुंब म्हणजे कोण, हा प्रश्न तिकीटखिडकीवरही असतो. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१७ मध्ये दर वाढले तेव्हा आई, वडील आणि दोन मुलं अशा चौघांच्या कुटुंबाला १०० रुपये, असा दर लागला. चौकोनी कुटुंब ही कल्पना आपण समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचतो. इथे तिला खिडकीवर भाव मिळाला. आजी या कुटुंबात नाही, तिसरं मूल नाही, नवरा गेलेली आत्या नाही. बीडकडच्या माणसाला कुटुंबाची आणखी एक मोजणी ओळखीची आहे. ऊसतोडीला जाताना मुकादम नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतो आणि उचल त्या हिशेबाने देतो. तिथे तर मुलंही मोजणीत नाहीत. ती बैलगाडीत बसून सोबत जातात, नाहीतर मागे आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. निबंधातलं ‘आम्ही’ कुणाला धरून मोजायचं, हे कुणी स्पष्ट करत नाही.

याच राणीच्या बागेमुळे मराठी बालसाहित्याला एक चांगली वाट सापडली होती. १९६१ मध्ये विंदा करंदीकरांचं ‘राणीची बाग’ हे बालकवितांचं पुस्तक आलं. भायखळ्याची बाग त्याच्या शंभर वर्षं आधीची. १८६२ मध्ये ती लोकांना खुली झाली आणि राणी म्हणजे व्हिक्टोरिया. १९६९ मध्ये तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, तरी लोकांच्या तोंडी राणी राहिलीच. पण मुंबईबाहेरच्या मुलाला ना व्हिक्टोरिया माहीत होती ना भायखळा. त्याच्यासाठी राणी गोष्टीतली होती आणि बागही गोष्टीतली. कवितेला हे चालतं. बालकवितेतला हत्ती काहीही करू शकतो, कारण ‘मी हे पाहिलं’ असा दावा ती करत नाही. ती उघडपणे खोटं बोलते आणि मूल उघडपणे तिच्यात सामील होतं. निबंध मात्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून खोटं बोलतो. ‘बालकविता आणि निबंध दोन्ही कल्पनाशक्तीला चालना देतात’ असं शिक्षणाच्या परिसंवादांत सरसकट म्हणतात तेव्हा हा फरक गडप होतो.

राणीच्या बागेविषयी आणखी एक गोष्ट निबंध कधी सांगत नाही. ती आधी बाग होती, प्राणी नंतर आले. पॅरिसच्या ‘जार्दँ दे प्लांत’चंही तेच. औषधी वनस्पतींची राजबाग आधीची, आणि क्रांतीनंतर, १७९४ च्या सुमारास, तिथे प्राणी आणून ठेवले. (रिल्केची पँथरवरची प्रसिद्ध कविता याच बागेतली. पँथर म्हणजे बिबट्याच, हे मराठीत वाचताना आपण विसरतो. शब्दाला तोवर दुसरे अर्थ चिकटलेले असतात.) भायखळ्याच्या पन्नासेक एकरांत तीन हजारांहून अधिक झाडं आहेत. आफ्रिकेतली गोरखचिंच आहे, म्यानमारकडची उर्वशी आहे, कैलासपती आहे. बागेच्या पुनर्विकासाचे आराखडे आले तेव्हा मुंबईतल्या काही नागरिकांनी, त्यातही पुढे बायकांनी, या झाडांसाठी अनेक वर्षं भांडण केलं. पण सहलीला आलेलं कुटुंब झाडांखालून पिंजऱ्यांकडे जातं. झाड म्हणजे सावली, डबा खायची जागा. २०१७ पासून पेंग्विनच्या काचेपुढे रांग असते, गोरखचिंचेपुढे कधी रांग लागल्याचं ऐकिवात नाही. लहान मुलांचे फोटो मात्र दगडी हत्तीपाशी निघतात, घारापुरीहून आणलेल्या. तिथला हा एकच हत्ती हवा तेव्हा हवा तसा उभा असतो.

झाडांपाशी एक वेगळीच गोष्ट घडू शकते आणि ती मला या सगळ्या विषयात सगळ्यात मोलाची वाटते. पिंजऱ्यापुढे ज्ञान मुलाकडे असतं. पाटी तोच वाचतो, ‘हा हिमालयात सापडतो’ असं तोच आजीला सांगतो, शाळेत गेल्याचा मान त्याला मिळतो. झाडापाशी हे उलटतं. आजीला पाटीची गरज नसते. पान चुरगळून ती नाव सांगते. कुठल्या झाडाचा डिंक खायचा, कुठल्याची साल दुधात उगाळायची, कुठलं लाकूड औताला चालत नाही, हे तिला माहीत असतं. अर्थात तिच्या रानातलं झाड असलं तर. उर्वशीपुढे तीही मुकी होते. बीडजवळ पालवणच्या डोंगरावर सयाजी शिंदे आणि त्यांच्या सह्याद्री देवराईच्या मंडळींनी वन विभागासोबत झाडं लावली आणि १३-१४ फेब्रुवारी २०२० ला तिथे वृक्ष संमेलन भरवलं. अध्यक्षपदी वडाचं झाड होतं. साहित्य संमेलनांच्या अध्यक्षीय भाषणांची लांबी लक्षात घेता ही निवड काहींना आदर्श वाटली असेल. विनोद सोडा, पण बालाघाटच्या उघड्या डोंगरावर माणसं फक्त झाडं बघायला जमली. वाघ नाही, पाळणा नाही, पेंग्विन नाही. वनस्पती उद्यानाची व्याख्या लावली तर पालवण त्यात बसणार नाही, तिथे जगभरातले नमुने गोळा केलेले नाहीत. पण तिथल्या झाडांपुढे बीडची आजी मुकी होत नाही. निबंधाच्या वहीत हा विषय आला तर ‘आजीने सांगितलेली दहा झाडे’ असं काहीतरी लिहावं लागेल, आणि ते गाईडमध्ये सापडणार नाही.

प्राण्यांच्या बाबतीतही वहीबाहेर बरंच काही घडून गेलं आहे. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली. शेतात पाणी द्यायला जायची सोय राहिली नाही, ऐन रब्बीत. पुढे करमाळा तालुक्यातही बळी गेले आणि डिसेंबरात तिथेच त्याला गोळी घालण्यात आली. वर्षभराने, डिसेंबर २०२१ मध्ये, माजलगाव तालुक्यातलं लवूळ जगभर पोचलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेतात आणि ती पडून मरतात, अशी बातमी होती. मेलेल्या पिल्लांचा आकडा बातमीगणिक फुगत गेला, परदेशी वाहिन्यांनी ‘सूड’ म्हणून ती चालवली, विनोदी चित्रं फिरली. वन विभागाने दोन वानरं पकडून नेली. लवूळची बातमी मला प्राणिसंग्रहालयाच्या निबंधाचीच मोठी आवृत्ती वाटते: प्रेक्षक लांब, सुरक्षित, हसणारा, प्राणी आपलं ठरलेलं विशेषण बजावणारा, आणि या खेपेला गावकरीही गजांच्या आत. आष्टीतल्या मुलाने त्या हिवाळ्यानंतर ‘वाघ ऐटीत येरझाऱ्या घालत होता’ हे वाक्य कसं लिहिलं असेल?

ऊसतोडीला गेलेल्या मुलांचं तर आणखी निराळं. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या पट्ट्यात बिबट्याच्या माद्या उसात पिल्लं घालतात आणि तोड चालू झाली की फडात पिल्लं सापडतात. वन विभागाची माणसं येतात, पिल्लं तपासतात, संध्याकाळी ती क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवतात आणि लांब थांबतात. रात्री मादी येते, पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. नेहमीच येते असं नाही, पण पुष्कळदा येते. त्याच फडाच्या कडेला कोप्यांत बीडहून आलेली कुटुंबं झोपलेली असतात. जी पिल्लं परत जात नाहीत, जे बिबटे जायबंदी होतात, त्यांच्यातल्या कित्येकांचं पुढचं आयुष्य जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रात जातं. दिवसा उजेडी फडात बिबट्याचं पिल्लू पाहिलेलं, त्याचे डोळे पुरते उघडलेले नव्हते हेही पाहिलेलं एक मूल मार्चअखेर गावी परततं आणि परीक्षेला बसतं. त्याला प्रश्न येतो: आपण पाहिलेल्या प्राणिसंग्रहालयाचे वर्णन करा.

वन्यजीवांवरचं चांगलं मराठी गद्य या मुलाच्या फारसं उपयोगी पडत नाही. व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनी या भाषेला जंगल वाचायला शिकवलं, यात वाद नाही. पण तिथला बघणारा माणूस बहुधा एकटा असतो, त्याच्याजवळ वेळ असतो, जंगलात राहायची परवानगी असते किंवा ते त्याचं कामच असतं. त्यांच्या मागून जे आलं ते बरंचसं सफारीचं लेखन आहे, जीप आणि कॅमेरा असलेलं. ताडोब्याला वाघ बघायला कुटुंबाचे हजारो रुपये जातात. म्हणून प्राणिसंग्रहालय बंद करा म्हणणाऱ्याने ‘मग आमच्या पोरांनी वाघ कुठे बघायचा’ या प्रश्नाला थोडा वेळ द्यावा. मोबाइलवर बघा, हे त्याचं उत्तर असेल तर लवूळ आठवावं. मला वाघाचा पिंजरा आवडत नाही. पण तो न आवडण्याची ऐपत सगळ्यांकडे सारखी नाही, आणि आपल्या लेखनात ही ऐपत संवेदनशीलता म्हणून मिरवली जाते.

प्राण्यांच्या बाजूनेही प्रश्न सोपा नाही. सिद्धार्थ उद्यानातली जागा अपुरी, त्रुटी अनेक, म्हणून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २०१८ मध्ये त्याची मान्यता रद्द केली होती. अपिलानंतर ते चालू राहिलं. त्यावर उपाय म्हणून शहराच्या पश्चिमेला, दौलताबादच्या वाटेवर मिटमिट्याला शंभरेक एकरांत नवं उद्यान करायचं ठरलं. बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. वाघांना तिथे मोकळं फिरता येईल आणि ते व्हायलाच हवं. फक्त मिटमिट्याला बीडची एसटी थांबत नाही. मध्यवर्ती स्थानकात उतरलेल्या दोन आज्या, मावशी आणि पाच पोरांना तिथून पुढे दोन रिक्षा कराव्या लागतील, जायच्या आणि यायच्या, आणि शेवटची गाडी गाठायची तर चार वाजताच निघावं लागेल. नव्या उद्यानाच्या आराखड्यात सिटीबसचा थांबा कुठे दाखवला आहे, हे ज्यांना आराखडा बघायला मिळेल त्यांनी आधी बघावं, वाघाच्या खंदकाची रुंदी नंतर.